गिनीपिगला घेऊन लांबच्या प्रवासाला: न्यावा का, कधी आणि कसा

नंदुरबार जिल्ह्यातून कुठल्याही मोठ्या शहरात जायचे तर रस्ता लांबचाच असतो. सुरत त्यातल्या त्यात जवळ. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत तीन-चार तासांत गाठता येते. नाशिक अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तर मुंबई आणि पुणे चारशेच्या वर. जिल्ह्यात बदलीवर आलेले बँकेतले, महसूल खात्यातले, शाळा-महाविद्यालयांतले लोक पुष्कळ आहेत. त्यांचे मूळ गाव दुसरीकडे असते. इथल्या कितीतरी घरांतली मुले शिकायला नाशिक-पुण्याला असतात. त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत गाडी भरून निघणे हा घराघरांतला नेम झाला आहे. घरात कुत्रा असेल तर त्याचे काय करायचे हे लोकांना अनुभवाने ठाऊक असते. पण मुलांच्या हट्टाने आणलेला गिनीपिग घरात असला, की निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच प्रश्न पडतो: याला न्यायचे की ठेवायचे? न्यायचे तर कसे?

या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांनी आपल्या हवेला धरून लिहिलेले आहेत. पिंजरा कोणता घ्यावा, खाली काय अंथरावे, गवत किती ठेवावे याची त्यांत तपशीलवार चर्चा असते आणि ती उपयोगीही आहे. मात्र तापीच्या काठावर मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा प्रश्नाचा क्रमच बदलतो. इथे पिंजऱ्याच्या आधी महिना ठरवावा लागतो आणि गवताच्या आधी निघण्याची वेळ. हा धागा धरूनच या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहायला हव्यात.

हा प्राणी मुळात कसा आहे

गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले, ते मुख्यतः मांसासाठी. पेरूमध्ये आजही तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात जहाजांतून तो युरोपात पोचला, तिथे पाळीव झाला, पुढे प्रयोगशाळांत गेला आणि जगभर पसरला. त्याच्या शरीराची घडण मात्र उंचावरच्या थंड, कोरड्या, गवताळ प्रदेशाला साजेशीच राहिली. घाम गाळून अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे नाही. कुत्रा धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो, तसेही त्याला नीट जमत नाही. अंगावर दाट केस, बांधा गोल, मान आखूड आणि शेपूट नाही, म्हणजे उष्णता बाहेर पडायला जागाच कमी. १८ ते २४ अंश सेल्सिअस हे त्याला मानवणारे तापमान. २७-२८ च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि तिशीच्या वर उष्माघाताचा धोका खराखुरा असतो.

दुसरी गोष्ट त्याच्या पोटाची. गिनीपिग दिवसरात्र थोडेथोडे खात राहतो. त्याच्या मोठ्या आतड्यात गवताचा तंतुमय भाग आंबवून पचवला जातो आणि हे काम चालू राहण्यासाठी वरून चारा येत राहावा लागतो. खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो आणि दुखू लागल्याने तो आणखीच खात नाही. चोवीस तास न खाल्लेला गिनीपिग हा तातडीचा रुग्ण समजावा. त्याचे दातही आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायलाही चाराच लागतो.

तिसरी गोष्ट भीतीची. हा शिकार होणारा प्राणी आहे. घाबरला की तो पळतो किंवा दगडासारखा निश्चल बसतो. गाडीत गिनीपिग गुपचूप बसला की घरातले म्हणतात, ‘बघा, किती शहाणा आहे, काही त्रास नाही.’ पुष्कळदा ते भीतीने गोठणे असते. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाजही त्याला ऐकू येतात. हॉर्न, टेपवरची गाणी, टायरांची घरघर हे सगळे त्याच्यापर्यंत आपल्यापेक्षा जास्त पोचते. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे गाडी लागली तरी ते उलटीतून कळणार नाही. खाणे बंद करणे हीच त्याची तक्रार. प्रयोगशाळांत बाहेरगावाहून आणलेल्या गिनीपिगांना काही दिवस स्थिरावू देतात आणि मगच पुढचे काम सुरू करतात, कारण प्रवासाने त्यांचे वजन घटते आणि शरीराचे गणित बिघडते, हे तिथे मान्य झालेले आहे. घरच्या गिनीपिगलाही हीच सवलत मिळायला हवी.

खरा शत्रू ऊन

उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे काय होते याचा एक अभ्यास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. बाहेरची हवा फार तापलेली नसतानाही बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास लहान मुलांच्या काळजीतून झाला होता, पण गिनीपिगला तो दुपटीने लागू पडतो. डिसेंबरात धुळ्याच्या बायपासवर दुपारी बाराला बाहेर २८ अंश असतील, हवा माणसाला सुखाची वाटेल, सगळे जण मिसळपाव खायला उतरतील आणि गाडी उन्हात राहील. जेवण उरकेपर्यंत आत चाळिशी ओलांडलेली असेल. म्हणून एक नियम बारा महिन्यांचा: गिनीपिगला गाडीत सोडून सगळ्यांनी एकदम उतरायचे नाही. एकाने एसी सुरू ठेवून आत बसावे किंवा पिंजरा सोबत घेऊन सावलीत बसावे.

चालत्या गाडीतला एसी हा मोठा आधार आहे, पण त्याचीही एक बाजू लक्षात ठेवावी. थंड झोत थेट पिंजऱ्यावर आला तर गिनीपिगला सर्दी-खोकल्यासारखे विकार चटकन होतात आणि त्याचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. झोत वर वळवावा आणि गाडीतली हवा पंचविशीच्या आत राखावी. पिंजऱ्याशेजारी एक साधा तापमापक ठेवला की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही, कारण पुढच्या सीटवरची थंडी मागच्या सीटखाली पोचलेली असतेच असे नाही. खिडकीतून येणारे ऊन सरकत राहते. सकाळी डावीकडे असलेले ऊन वळणानंतर उजवीकडे येते, म्हणून दोन्ही काचांना पडदा हवा. बर्फ केलेली पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी. त्याला हवे तेव्हा तो टेकेल, नको तेव्हा दूर होईल.

उष्माघाताची चिन्हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत: अंग सैल सोडून आडवे पडणे, जोराचा श्वास, तोंडातून लाळ, कान लाल आणि गरम, उचलले तरी प्रतिसाद नाही. अशा वेळी त्याला लगेच सावलीत घ्यावे, कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करावेत, ओल्या पंचावर ठेवावे आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. शरीराला तो दुसरा धक्का बसतो. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

महिना कोणता, वेळ कोणती

नंदुरबारच्या हवामानात प्रवासाचे वर्ष सरळ दोन भागांत पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे निघायचे महिने. मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा हे टाळायचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान उतरते, पण दमटपणा वाढतो आणि दमट हवेत गिनीपिगला कमी तापमानातही गुदमरायला होते. ऑक्टोबरच्या उन्हाला फसू नये, ते मार्चइतकेच चटके देणारे असते.

जिल्ह्यातली जनावरांची सर्वांत मोठी ये-जा याच हिशेबात बसते. तापीकाठच्या सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास भरते. तिथल्या घोडेबाजारात राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात इथून घोडे येतात. शेकडो किलोमीटरची ही वाहतूक थंडीच्या दिवसांत होते. मेमध्ये हेच घोडे इतक्या लांबून आणायचे म्हटले तर काय अवस्था होईल, हे कुठल्याही घोडेवाल्याला विचारावे. घोड्याला जे झेपणार नाही ते किलोभर वजनाच्या प्राण्याला झेपेल असे धरून चालू नये.

वेळेबाबत दोन मते आहेत. काही जण म्हणतात, रात्रीच निघा, ऊन नको. प्राण्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण आपल्या भागात नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम असतो. पुरुषोत्तमनगरच्या आणि डोकाऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि उसाने खचाखच भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. कोंडाईबारी घाटात अवजड वाहने रांगेने चढतात. गिनीपिगला ऊन लागू नये म्हणून घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालणे हा शहाणपणा नव्हे. त्यातल्या त्यात चांगला मार्ग पहाटेचा. चार-साडेचारला निघाले की उजाडेपर्यंत दोंडाईचा मागे पडते, सकाळी धुळे-मालेगाव होते आणि ऊन तापायच्या आत नाशिक येते. मुंबई-पुण्याचा रस्ता एका दमात करण्याऐवजी नाशिकला नातेवाइकांकडे दुपार काढून संध्याकाळी पुढे निघणे सर्वांत बरे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या गावची. नंदुरबारच्या बाजारात ओल्या मिरचीची आवक सुरू झाली की शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळायला पडते. त्या वाऱ्याने माणसालाही ठसका लागतो. गिनीपिगच्या श्वसनमार्गाला धूळ आणि तिखट कण मुळीच सोसत नाहीत. प्रवासाला चांगला असा थंडीचा काळ आणि मिरचीचा हंगाम एकच असल्यामुळे त्या पट्ट्यातून जाताना काचा बंद ठेवाव्यात आणि एसी आतलीच हवा फिरवेल असा करावा.

डोंगरात जाणाऱ्यांचा हिशेब उलटा. शहाद्याहून तोरणमाळला चढले की हवा गार होते, उन्हाळ्यात ते सुखाचेच. पण हिवाळ्यात सातपुड्यातली रात्र फार खाली जाते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत येतात. १५ अंशांच्या खाली गिनीपिगला उबेची गरज लागते, म्हणून जास्तीचे गवत आणि गोधडीचा तुकडा सोबत हवा. पावसाळ्यात धडगाव-तळोदा रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद होते. अडकून पडण्याची शक्यता धरून दुप्पट चारा घ्यावा किंवा त्या दिवसांत प्राण्याला नेऊच नये.

चारा, पाणी आणि पेरू

प्रवासात ‘पोट रिकामे ठेवा’ हा सल्ला कुत्र्या-मांजरांसाठी असतो, त्यांना उलटी होते म्हणून. गिनीपिगला तो लावणे घातक आहे. त्याच्यापुढे गवत सतत हवे. वाळलेले, हिरवट, धूळ-बुरशी नसलेले गवत उत्तम. आपल्याकडे लसूणघास सहज मिळतो आणि जनावरांचा आवडता चारा म्हणून लोक तोच भरून घेतात. पिलांना आणि गाभण मादीला तो चालतो. मोठ्या गिनीपिगला मात्र त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त होतो आणि मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. त्याला साधे गवतच मुख्य ठेवावे. ज्वारीचा कडबा फार जाडाभरडा असतो. पाने चालतील, धांडे नकोत.

पाण्याचा प्रश्न नाजूक आहे. किलोभर वजनाच्या गिनीपिगला दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागते. पिंजऱ्याला लावलेली बाटली खड्ड्यांच्या रस्त्यावर ठिबकत राहते, खालचे अंथरूण ओले होते आणि ओल्यावर बसलेल्या प्राण्याला थंडी बाधते. म्हणून चालत्या गाडीत बाटली काढून ठेवावी आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाणी समोर धरावे. दोन थांब्यांच्या मध्ये काकडीच्या चकत्या द्याव्यात. घाबरलेला प्राणी बाटलीला तोंड लावत नाही, पण काकडी पुष्कळदा खातो. पाणी घरचेच न्यावे. चव बदलली की काही गिनीपिग पितच नाहीत.

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज बाहेरून मिळावे लागते आणि ताणाच्या काळात गरज वाढते. पाण्यात मिसळलेले क जीवनसत्त्व उजेडाने आणि वेळेने निकामी होते, शिवाय चव बदलल्याने पाणी पिणेच कमी होते. आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे. पेरूमध्ये १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते. बिया काढून पेरूची लहानशी फोड, थोडी कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचा तुकडा एवढ्यात दिवसाची गरज भागते. शहादा-तळोद्याकडची पपई चाखायला दिली तर हरकत नाही, पण गोड फळ थोडेच. बिस्किटे, वेफर्स, भडंग, पोळी यांतले काहीही देऊ नये. मागच्या सीटवरची मुले प्रेमाने हेच देतात, म्हणून त्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

पिंजरा आणि गाडीतली जागा

घरचा मोठा पिंजरा गाडीत न्यायचा नसतो. मोठ्या जागेत ब्रेक लागला की प्राणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. प्रवासाला कडक प्लास्टिकची, तीन बाजूंनी हवा खेळणारी पेटी हवी. त्यात तो अंग वळवू शकेल, पाय ताणून पडू शकेल, एवढी जागा पुरे. मांजरासाठी मिळणारी लहान पेटी चालते. खोक्यात न्यायची वेळ आलीच तर ते ओले होऊन फाटते आणि कुरतडलेही जाते, हे धरून चालावे. खाली आधी वर्तमानपत्र, त्यावर जुना टॉवेल किंवा लोकरी कापड आणि वर भरपूर गवत. गुळगुळीत तळावर पाय घसरत राहिले की तो सगळा प्रवास अंग आखडून काढतो. एका कोपऱ्यात लपायला जागा असावी. गवताचा ढीगही पुरतो. घरच्या अंथरुणाचा थोडा भाग, धुतलेला नव्हे तर वापरातलाच, आत ठेवला की त्याच्या ओळखीचा वास सोबत राहतो.

जागा मागच्या सीटवर, पट्ट्याने पेटी घट्ट बांधून; किंवा पुढच्या सीटच्या मागे खाली, जिथे पेटी हलणार नाही. पुढच्या सीटवर नको, तिथे एअरबॅगचा धोका. डिक्कीत तर अजिबात नको. तिथे हवा पोचत नाही, ऊन तापते आणि प्राण्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. मांडीवर घेऊन बसण्याचा मोह मुलांना होतो. गिनीपिगला वरून उडी मारण्याचा अंदाज नसतो. मांडीवरून पडला तरी पाठीला आणि दातांना गंभीर इजा होते, आणि सीटखाली शिरला तर चालकाच्या पायाखाली येऊ शकतो. थांब्यावरही पेटी उघडायची ती सगळी दारे बंद करूनच. ढाब्याच्या अंगणात फिरायला सोडणे म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या पुढ्यात सोडणे.

झोपेचे औषध देऊन न्यावे का, असे काही जण विचारतात. उत्तर स्पष्ट आहे: पशुवैद्यकाने तपासून दिल्याशिवाय कुठलेही औषध देऊ नये. गुंगीने खाणे थांबते आणि शरीराचे तापमान सांभाळणे आणखी अवघड होते.

जोडीने की एकटा

गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये प्राणी संरक्षणाच्या नियमांतच त्याला एकटे ठेवायला मनाई केली. घरी दोन एकत्र राहत असतील तर प्रवासातही एकाच पेटीत न्यावेत. एकमेकांच्या उबेने आणि आवाजाने दोघेही लवकर सावरतात. घरी न पटणाऱ्या दोघांना मात्र गाडीतल्या दाटीत एकत्र कोंबू नये. कुत्रा किंवा ससा शेजारी ठेवणे दोन कारणांनी वाईट. एक तर कुत्रा त्याला शिकारी वाटतो. दुसरे म्हणजे कुत्र्यांच्या आणि सशांच्या श्वसनमार्गात त्यांना फारसा त्रास न देणारे काही जंतू असतात आणि तेच गिनीपिगमध्ये न्यूमोनिया घडवतात.

गाभण मादीला प्रवास घडवू नये. तिचे दिवस साधारण ५९ ते ७२ असतात. शेवटच्या टप्प्यात ताणाने खाणे सुटले तर जी विषबाधा होते तिच्यात मादी दगावते. नर-मादी एकत्र आणले असतील तर मादी गाभण आहे असेच धरून चालावे.

पहिला प्रवास: दुकानातून घरी

या प्रश्नात सर्वांत कमी बोलले जाते ते गिनीपिगच्या पहिल्या प्रवासाबद्दल. सुरत किंवा नाशिकच्या दुकानातून पिल्लू घेतले जाते, बुटांच्या खोक्यात घालून गाडीत ठेवले जाते आणि तीन-चार तासांत नंदुरबारला पोचते. दुकानात ते आधीच किती ताण सोसून आलेले असते हे घेणाऱ्याला माहीत नसते. घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत पिल्लू मेले, अशा तक्रारी असतात त्यांच्यामागे पुष्कळदा हा प्रवास असतो. घ्यायला जाताना पेटी आणि गवत सोबत न्यावे, दुकानातला नेहमीचा चारा थोडा मागून आणावा आणि घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला हाताळू नये. घरी आधीचा गिनीपिग असेल तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. गजकर्णासारखा त्वचारोग त्याच्याकडून माणसालाही होतो, म्हणून हात धुण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

जनावरांच्या ने-आणीबरोबर रोगही प्रवास करतो, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबड्यांत आढळला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. पोल्ट्रीवाल्यांनी दोन्ही वेळा त्याची किंमत मोजली. गिनीपिगचा त्या रोगाशी संबंध नाही, पण नवा प्राणी काही काळ वेगळा ठेवण्याची शिस्त तीच आहे.

डॉक्टर कुठे आहे

हा आपल्या जिल्ह्याचा दुबळा भाग आहे. आपल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा सारा कामाचा रोख गाय, बैल, शेळी, कोंबडी यांवर आहे आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तो तसाच असायला हवा. १९६२ या क्रमांकावरून मिळणारी फिरती पथकेही पशुधनासाठीच आहेत. गिनीपिगची सवय असलेला डॉक्टर मोठ्या शहरातच सापडण्याची शक्यता जास्त. मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. गुजरातेत नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नवापूरकडच्या माणसाला ते मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ पडते.

म्हणून निघण्यापूर्वी वाटेतल्या शहरांतला एखादा डॉक्टर फोनवर विचारून ठेवावा. त्याहून महत्त्वाची एक माहिती तर प्रत्येक पालकाने कागदावर लिहून पेटीला चिकटवावी: पेनिसिलिन गटातली, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी प्रतिजैविके गिनीपिगला तोंडाने देऊ नयेत. कुत्र्याला सर्रास दिले जाणारे हे औषध त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारते आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. गाई-म्हशींची सवय असलेला डॉक्टर चांगल्या हेतूने ते देईल. त्याला आपण नम्रपणे आठवण करून द्यावी.

पोचल्यावर तीन दिवस रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करावे आणि लेंड्या पाहाव्यात. लेंड्या लहान, कमी किंवा बंद झाल्या आणि वजन उतरत राहिले तर ‘नवी जागा आहे, रुळेल’ म्हणत बसू नये.

कायदा काय म्हणतो

जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे १९७८ चे नियम कुत्री-मांजरे, माकडे, गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांची वेगवेगळी प्रकरणे देतात. २००१ मध्ये कोंबड्या आणि डुकरे त्यांत आली. मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये झालेल्या बदलाने गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर अशी गाडीतली जागा ठरवली. गिनीपिगसाठी असे वेगळे प्रकरण नाही. पण कायदा गप्प आहे असेही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे ११ वे कलम कुठल्याही प्राण्याला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने नेणे आणि अंग हलवता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा मानते. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ही रक्कम १९६० ची आहे आणि आज तिचा धाक कुणालाही वाटणार नाही. ती वाढली पाहिजे. दुकानांसाठी २०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियम आहेत. बुटांच्या खोक्यात पिल्लू हातात ठेवणाऱ्या दुकानदाराला त्यांची आठवण गिऱ्हाइकानेच करून द्यायला हवी.

मग न्यावा की ठेवावा?

सगळ्या बाजू पाहिल्यावर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते. प्रवास हौसेने करतो तो माणूस. कुत्र्याला खिडकीतून तोंड काढून वारा घ्यायला आवडते, गिनीपिगला नाही. त्याला आपले घर, आपले गवत आणि आपला सोबती हवा असतो. म्हणून चार-सहा दिवसांचे जाणे असेल आणि दिवसातून दोनदा येऊन चारा-पाणी देणारा, लेंड्या पाहणारा विश्वासू शेजारी असेल, तर त्याला घरीच ठेवावे. मात्र उन्हाळ्यात घरी ठेवतानाही घर बंद करून जायचे नाही. तळमजल्यावरची गार खोली, कूलर आणि वीज गेली तर काय करायचे याची तजवीज हवी. त्यापेक्षा प्राणीच शेजाऱ्याच्या घरी ठेवणे अधिक चांगले.

बदली झाली, महिनाभराचे जाणे आहे, मागे पाहणारे कुणी नाही किंवा डॉक्टरकडेच न्यायचे आहे, तेव्हा न्यावेच लागते. तसे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावे, पहाटे निघावे, दीड-दोन तासांनी थांबावे आणि दुपारी बाराच्या आत मुक्काम गाठावा. बदलीचे आदेश तर बहुधा ऐन मे-जूनमध्येच येतात. त्या वेळी सामानाच्या ट्रकबरोबर प्राण्याला पाठवू नये. एसी चालू असलेल्या गाडीतून, सोबत माणूस असताना, तापमापक पाहत न्यावे. एसी नसलेल्या गाडीतून उन्हाळ्यात गिनीपिगला शेकडो किलोमीटर नेणे हे मी तरी कुठल्याही कारणाने योग्य म्हणणार नाही.

मुलांच्या वाढदिवसाला गिनीपिग आणायचा विचार करणाऱ्या पालकांना एवढेच सांगणे आहे: हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. त्या वर्षांतल्या प्रत्येक दिवाळीत आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्याची सोय काय, याचे उत्तर आधी घरात ठरवा. ते ठरले असेल तरच दुकानाची पायरी चढा.